दिवस गेले

केमिजार्वीत डिसेंबरचा दिवस
जेमतेम दोन तास राहतो.
माझ्यात तेवढाही राहिला नाही.
चार वेळा दिवस गेले,
चारही वेळा ते खरोखरच गेले.

मग ओउलूची रात्रीची गाडी.
शाळेच्या स्वयंपाकघरातून दोन दिवसांची रजा,
कारण दिलं : दाढ.

डॉक्टर हिल्का सीपोला तेव्हा चौतिशीच्या,
कानामागे पेन्सिल, पायात जाड लोकरी मोजे,
बोलण्यात सांत्वनाचा थेंब नाही.
"असं का होतं, मला माहीत नाही," म्हणाल्या.

तोवर सगळ्यांनाच माहीत होतं.
सासूला (माझी सायकल),
पाद्रीबाबांना (त्याची इच्छा),
ताउनोलाही; तो लाकडं फोडायला जायचा
सरपण पुरेसं असलं तरी.
माहीत नाही म्हणणारं माणूस
मला पहिल्यांदाच भेटत होतं.

पाळीच्या एकविसाव्या दिवशी त्यांनी
कुशीच्या अस्तराचा तुकडा घेतला,
बार्लीच्या दाण्याएवढा.
दुखलं. खोटं कशाला बोलू.
कुपीवर पेन्सिलीनं सतरा लिहिलं
आणि नायट्रोजनच्या पांढऱ्या वाफेत बुडवली.
"याचा मला उपयोग?"
"बहुधा नाही. तुमच्यासाठी उशीर होईल."
परतीच्या गाडीत मी त्यांच्यावर चिडून होते
रोवानिएमीपर्यंत.
पुढे झोप लागली, कित्येक महिन्यांनी.

बाकीचं नर्स इर्मेलीनकडून कळत गेलं,
नाताळच्या कार्डांमधून, थोडं थोडं.
दिवसा बाळंतपणं, रात्री सूक्ष्मदर्शक.
अनुदानासाठी तीनदा अर्ज; एका वर्षी
पैसे गेले रेनडियरच्या वांझपणाकडे,
आमचा क्रमांक त्यानंतर.
एका फेब्रुवारीत वीज गेली, फ्रीझर बंद पडला,
बाहेर उणे एकतीस, तरी ती थंडी अपुरी!
कुप्यांना उणे ऐंशी लागतं.
डॉक्टर नाइट गाउनवर कोट चढवून
माशांच्या कारखान्यात कोरडा बर्फ मागत फिरल्या.
त्या रात्री कोणाचंही काही वितळलं नाही, इर्मेलीननं लिहिलं.
ते कार्ड मी जपून ठेवलंय.

अकराव्या वर्षी जाड पाकीट आलं.
इंग्रजी निबंध, मला त्यातलं ओ की ठो कळेना.
पण आलेख कळला : एकेचाळीस बायका, एकेचाळीस ठिपके,
एका चढत्या रेषेला बिलगलेले,
आणि एक लांब, खालच्या कोपऱ्यात,
लग्नात कोणी ओळखत नसलेल्या पाहुणीसारखा.
सोबत पेन्सिलीनं चार ओळी :
"परीक्षक म्हणाले, तो ठिपका काढा,
निष्कर्ष स्वच्छ दिसेल. मी काढला नाही.
तो कोणाचा, हे मी सांगू शकत नाही."
सांगायची गरजच नव्हती.
मी ताउनोला दाखवला. त्यानं चष्मा आणला,
बराच वेळ बघत राहिला,
मग बोट ठेवलं त्यावर, हलकेच,
झोपलेल्याच्या कपाळावर ठेवावं तसं.

निबंधातल्या त्या रेषेमुळे, म्हणे,
पुष्कळ बायकांची कूस उजवली.
ठीक आहे. मला हेवा वाटला. अजूनही वाटतो,
किराणा दुकानात, रांगेत, एखाद्या बाबागाडीमागे.

काल पेपरात डॉक्टरांचा फोटो होता, निवृत्तीचा.
केस पांढरे, मोजे बहुतेक तेच.
बातमीदारानं विचारलं, सर्वांत मोठं यश कोणतं?
त्या म्हणाल्या, एक ठिपका अजून समजलेला नाही,
किल्ल्या दिल्यात पुढच्या पोरीला,
तिला सांगितलंय, सतरा नंबर फेकू नकोस.

म्हणजे तो दाणा अजून आहे तिथे.
माझी पाळी थांबून पंधरा वर्षं झाली,
ताउनोला जाऊन तीन.
तिथल्या कुपीत मात्र मी एकतिशीची,
तिथे अजून एकविसावा दिवस आहे,
अस्तर मऊ, तयार, कोणाची तरी वाट बघणारं.

एवढा एक दिवस
राहिला.